आधी घर मोजतो, मग बॉयलर सांगतो

लंडनच्या हॅरो-वेम्बली भागात आमची छोटी फर्म आहे, मी, माझा मेहुणा आणि एक शिकाऊ मुलगा, एवढीच माणसं. काम म्हणजे घरातले जुने हीटिंग बॉयलर सर्व्हिस करायचे आणि अगदीच गेले असतील तर बदलायचे. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटलं की बरेच जण विचारतात, या लाइनला कसे काय आलात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला. आयटीआय केलं आणि साखर कारखान्यात बॉयलरवर लागलो, बगॅसवर म्हणजे उसाच्या चोथ्यावर चालणारा, २१ किलो प्रेशरची वाफ, एकदा सीझन सुरू झाला की त्याला थांबणं माहीत नाही. आमचे हेड फिटर सकाळी पाण्याचं टेस्टिंग बघितल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचे नाहीत. पाणी खराब तर ट्यूब खराब, हे तिथेच डोक्यात बसलं आणि आजही रोज उपयोगी पडतं. २००५ ला बायकोला इकडे हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, मागोमाग मी आलो. भाड्याच्या घरात किचनच्या कपाटात एक पांढरा डबा होता, घरमालक म्हणाले हा बॉयलर. पण घरच्या बॉयलरमध्ये वाफ नसतेच. गावाकडे न्हाणीत बंब असायचा ना, तसाच हा गॅसवरचा बंब समजा, फक्त यातलं पाणी आंघोळीला न जाता पंपाने खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरून परत येतं, साधारण दीड बार प्रेशरवर.

एका आयरिश गृहस्थांकडे हेल्पर म्हणून लागलो, तीन वर्षं त्यांच्यासोबत जमिनीवर गुडघे टेकून काढली, गॅसच्या परीक्षा दिल्या. १ एप्रिल २००९ ला इथे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीसाठी कॉर्गी जाऊन गॅस सेफ रजिस्टर आलं आणि त्याच वर्षी सेकंडहँड व्हॅन घेऊन मी स्वतःचं काम सुरू केलं. (तुमच्या घरी कोणीही गॅसचं काम करायला आलं तर गॅस सेफचं कार्ड मागा आणि उलटून मागची बाजू बघा, तो माणूस नेमकं कोणतं काम करू शकतो ते तिथेच लिहिलेलं असतं. कार्ड बघायला मागण्यात कसलाही संकोच नको.)

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागात १९३० च्या दशकातली सेमी-डिटॅच्ड घरं भरपूर, म्हणजे मधली एक भिंत सामायिक असलेली जोडघरं. सत्तर-ऐंशीच्या दशकात तिथे जे कास्ट आयर्नचे बॉयलर बसले ते ६०, ८० हजार बीटीयूचे (ताकद मोजायचं जुनं माप), म्हणजे १८ ते २३ किलोवॅट. तेव्हा खिडक्यांना एकच काच, माळ्यावर इन्सुलेशन नावाला, भिंती पोकळ, त्यात बसवणारा माणूस अंदाजाने वर अजून थोडं वाढवायचा. पुढे डबल ग्लेझिंग आलं, माळ्यावर जाड थर आला, भिंती भरून घेतल्या, आणि तेच घर आज बाहेर उणे दोन असतानाही ६ ते ८ किलोवॅटवर गरम राहतं. बॉयलर मात्र तेवढाच राहिला, आणि तो बदलायची वेळ आली की लोक जुन्या प्लेटवरचा आकडा बघून तेवढाच नवीन टाकतात.

ही चूक मीही केलीय, ती सांगितलीच पाहिजे. २०११ मध्ये केंटनला एका मराठी काकांकडे ३० किलोवॅटचा कॉम्बी (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा बॉयलर) बसवला, फ्लोचं म्हणजे रेडिएटरकडे निघणाऱ्या पाण्याचं तापमान ८० डिग्रीवर ठेवलं आणि निघून आलो. नळाला गरम पाणी हवं तर एवढी ताकद लागतेच, मिनिटाला १० लिटर पाणी ३५ डिग्रीने तापवायला २४ किलोवॅट लागतात. पण हीटिंगला ती नको असते, आणि ती सेटिंग वेगळी कमी करता येते, ती मी केलीच नव्हती. हिवाळा संपता संपता काकांचा फोन, अहो हा दोन मिनिटं पेटतो, विझतो, परत पेटतो, आणि बिल काही कमी झालं नाही. जाऊन बघतो तर परत येणारं पाणी ६५ डिग्रीच्या वर. काकांचा बॉयलर कंडेन्सिंग, आणि अशा बॉयलरचा सगळा फायदा धुरातल्या वाफेचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेत आहे, आणि त्यासाठी परतीचं पाणी साधारण ५५ च्या खाली लागतं. म्हणजे काकांनी पैसे कंडेन्सिंगचे दिले आणि फायदा मी मिळू दिला नाही. फार वाईट वाटलं. त्या दिवशी टेप घेऊन अख्खं घर मोजलं, भिंती, खिडक्या, दारं, सगळं वहीत लिहिलं, घराला लागणारा आकडा आला सात किलोवॅटच्या आसपास. हीटिंग १० किलोवॅटवर आणलं, फ्लो ६० डिग्रीवर, एक पैसा घेतला नाही. तेव्हापासून घर मोजल्याशिवाय कोटेशन द्यायचं नाही हे ठरलं.

त्याआधी डिसेंबर २०१० च्या थंडीनेही शिकवलं होतं. कंडेन्सेटचा म्हणजे धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी सोडणारा बारीक पाइप बाहेरून नेलेला, गोठला की बॉयलर बंद, दिवसभर आम्ही गरम पाण्याच्या किटल्या घेऊन फिरत होतो. आता शक्यतो आतूनच नेतो, नाहीतर ३२ मिलिमीटरचा जाड, वरून लॅगिंग, म्हणजे थंडी अडवणारं वेष्टण.

सर्व्हिसिंगबद्दल सांगायचं तर आम्हाला जुना बॉयलर काढायची घाई नसते. एक ८२ वर्षांच्या आजी होत्या, इंग्लिश, एकट्या. त्यांना कुणीतरी सांगितलेलं की बॉयलर ताबडतोब बदला. आम्ही उघडला, हीट एक्स्चेंजर ब्रशने साफ केला, थर्मोकपल (ज्योत विझली तर गॅस बंद करणारा पार्ट) बदललं, फ्लूपाशी म्हणजे धुराड्यापाशी धुराची काडी धरून ड्राफ्ट बघितला, धूर व्यवस्थित आत ओढला जात होता, कार्बन मोनॉक्साइड तपासला, अलार्म लावून दिला. त्यावर दोन हिवाळे आरामात निघाले, मग पार्ट मिळेना तेव्हा त्यांच्या जुन्याच्या जवळपास निम्म्या ताकदीचा बसवला. त्याआधी सिस्टिम धुतली तर रेडिएटरमधून डांबरासारखं काळं पाणी, सगळा लोखंडाचा गाळ. हा गाळ न काढता नवा बॉयलर लावणं म्हणजे त्याचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी करणं, म्हणून मॅग्नेटिक फिल्टर आणि पाण्यात इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) याशिवाय आम्ही काम पूर्ण झालं म्हणत नाही.

२०२२ ला गॅसचे भाव भडकले आणि सगळे एकदम विचारायला लागले, बिल कमी कसं करायचं. त्या हिवाळ्यात कितीतरी घरी आम्ही काहीच विकलं नाही, फक्त फ्लो ८० वरून ६० वर आणून दिला. लोक म्हणतात रेडिएटर कोमट लागतात. लागणारच, पाणी आणि खोली यांच्या तापमानातला फरक ५० वरून ३० डिग्रीवर आणला की त्याच रेडिएटरमधून उष्णता निम्मीच मिळते, पण इन्सुलेशन केलेल्या घराला बहुतेक दिवस तेवढीच पुरते, जरा जास्त वेळ चालू ठेवायचं. गरम पाण्याची टाकी असेल तर तिचं पाणी मात्र ६० पर्यंत तापलंच पाहिजे, लेजिओनेला जंतूंमुळे, तिथे काटकसर नको.

आता हीट पंपाचं चाललंय (विजेवर चालून बाहेरची उष्णता घरात आणणारं यंत्र), सरकारी मदत साडेसात हजार पाउंड मिळते, मेहुण्याने कोर्स केलाय. केंटनच्या त्याच काकांचा मागच्या महिन्यात फोन आला, कॉम्बी म्हातारा झाला, आता पंप घेऊ का म्हणून. गेलो, काकूंनी थालीपीठ खाल्ल्याशिवाय टेप उघडू दिली नाही. जुनी वही नेली होती, पण मधल्या काळात त्यांनी मागच्या खिडक्या बदलल्यात आणि माळ्यावर अजून एक थर टाकलाय, म्हणून सगळं पहिल्यापासून मोजलं. शिकाऊ पोरगा आकडे लिहीत होता. ५.८ किलोवॅट आलं.