वाळलेल्या कप फंगसची ओळख पटवताना: माझा अनुभव

विद्यापीठाच्या हर्बेरियममधलं (वाळलेल्या नमुन्यांच्या संग्रहातलं) कप फंगसचं, म्हणजे कपाच्या आकाराच्या बुरशीचं, पाकीट उघडलं की हाती बहुधा मसुराएवढे, कडा आत वळलेले, तपकिरी पडलेले कप येतात. सार्कोसायफा या कप फंगसचा लालभडक रंग कॅरोटीनॉइड रंगद्रव्यांचा. उजेडाने आणि वर्षांनी तो उडून जातो. त्यामुळे नमुन्याच्या आजच्या रंगावरून मी काहीच ठरवत नाही. ताजेपणीचा रंग, खाली लाकूड होतं की माती की शेण, एवढं लेबलवर लिहिलेलं असलं तरी अर्धं काम होतं.

पाकिटाच्या तळाशी बारीक भुसा दिसला तर किडे लागलेत. असं पाकीट मी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवते. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ थेट नमुन्यावर धरते. जुन्या नमुन्यांना किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड लावत असत, म्हणून हातमोजे घालायचेच.

कापायची परवानगी आधी घ्यावी. टाइप नमुना (ज्यावर त्या जातीचं नाव आधारलेलं असतं तो मूळ नमुना) असेल तर फारच जपून. अख्खा कप कधीच वापरू नये. कोरडा कप पात्याखाली चुरा होतो, म्हणून कडेच्या एका भागावर अल्कोहोलचा थेंब आणि लगेच पाण्याचा थेंब सोडते. नुसतं पाणी वाळलेल्या पृष्ठभागावर मण्यासारखं उभं राहतं. भाग मऊ झाला की कडेपासून मध्याकडे जाणारी, मिलिमीटरभर रुंदीची पाचर काढते. कड, केस, बाहेरचा थर आणि बीजाणूंचा थर हे सगळं त्या एका पाचरीत मिळतं.

खरी घसरगुंडी पुढे, द्रावणांच्या क्रमात. बरेच जण पाचर सरळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकतात, कारण त्यात ऊती झटकन फुगतात. पण काही कप फंगसमध्ये अ‍ॅस्कसचं, म्हणजे बीजाणूंच्या पिशवीचं, टोक ल्युगॉलच्या आयोडीनमध्ये लाल होतं आणि हायड्रॉक्साइड दिल्यानंतर निळं. हायड्रॉक्साइड आधी दिलं की लाल रंगाची खूण कायमची गेली. मेल्झरच्या द्रावणातलं (हेही आयोडीनचंच द्रावण) क्लोरल हायड्रेटही ही लाल खूण दाबतं. म्हणून मी पाचरीचे दोन तुकडे करते. पहिला आधी पाण्यात, मग ल्युगॉलमध्ये बघते. दुसरा ३ टक्के हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून, पाण्याने दोनतीनदा धुऊन, मग आयोडीनमध्ये. धुणं अपुरं राहिलं तर अल्कलीमुळे आयोडीनचा रंगच उडतो आणि ‘निळं होत नाही’ अशी खोटी नोंद होते. पेझायझा या कप फंगसमध्ये पिशवीचं टोक निळं होणं ही मोठी खूण आहे. ती अशी हातची घालवू नये.

बीजाणूंच्या पिशवीच्या टोकाला झाकण आहे की नुसतं छिद्र, हेही बघायचं. फ्रेंच बुरशीतज्ज्ञ बूदिएने १८८५ मध्ये याच भेदावर वर्गीकरण उभं केलं आणि ते आजही उपयोगी पडतं. झाकण शोधायचं तर रिकाम्या झालेल्या पिशव्या बघाव्यात.

मापं मी पिशवीबाहेर पडलेल्या २० ते ३० बीजाणूंची, पाण्यात घेते, आणि पृष्ठभागावरचे खवले किंवा काटे त्यात धरत नाही. पिशवीतले बीजाणू कच्चे असू शकतात. हायड्रॉक्साइडमधले फुगलेले असतात. नक्षी दिसत नसेल तर लॅक्टिक आम्लातल्या कॉटन ब्लू या रंगात स्लाइड हलकी गरम करावी, उकळू देऊ नये. तेलाच्या थेंबांची संख्या मात्र वाळलेल्या नमुन्यात गृहीत धरू नका: बीजाणू मेला की बारीक थेंब एकमेकांत मिसळतात. त्यासाठी नमुना ताजा असतानाच बघायला हवा होता.

शेवटी उरलेला तुकडा कागदाच्या लहान घडीत घालून त्याच पाकिटात परत. जुन्या लेबलला हात न लावता वेगळ्या चिठ्ठीवर नवं नाव, तारीख, वापरलेली द्रावणं आणि कोणत्या कपातून किती कापलं, हे पेन्सिलीने.