टर्न डाउन आणि बारा शाफ्ट

बेळगावात ज्या इंग्रजीच्या क्लासला मी सहा महिने गेलो, तिथल्या वहीचा राग अजून गेलेला नाही. पाचशे फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला डाउन, ऑफ असा छोटा शब्द जोडून होणारी जोडी; प्रत्येकापुढं एकच अर्थ, रोज वीस पाठ करायचे. 'टर्न डाउन'पुढं लिहिलं होतं: आवाज कमी करणे. बस्स.

मी पिरनवाडीचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग आयटीआय, मग उद्यमबागेतल्या कारखान्यात आठ वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवत छिलायच्या मशीनवर. आता ऑफिसात गिऱ्हाइकांचे मेल बघतो. लेथवाल्याला टर्न डाउन शिकवावं लागत नाही. जॉब, म्हणजे छिलायचा तुकडा, मशीनच्या पकडीत, चकमध्ये, धरायचा आणि डाया, म्हणजे व्यास, कमी करायचा. ५० मिलिमीटरचा ४८ केला, की टर्न डाउन झाला.

एका गिऱ्हाइकाला आम्ही शाफ्टचे, म्हणजे मशीनमध्ये फिरणाऱ्या गोल दांड्याचे, दोन पर्याय कळवले होते, ५० मिलिमीटर आणि ४८ मिलिमीटर. उत्तर आलं: 'वी हॅव टर्न्ड डाउन द फोर्टी-एट एमएम ऑप्शन.' आवाजाचा इथं संबंध नव्हता, म्हणजे लेथचाच अर्थ, असं मी धरलं आणि ५० चे तयार बारा शाफ्ट ४८ ला उतरवायला दिले. दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं, त्यांनी ४८ चा पर्याय नाकारला होता. त्यांना ५० च हवा होता. छिललेले दोन मिलिमीटर परत कुठून आणणार? बाराच्या बारा शाफ्ट बाजूला ठेवावे लागले.

त्या रात्री जेवायला बसलो तर आई म्हणाली, "पोराचा ताप उतरलाय की. तुझं तोंड का उतरलंय मग?"

घास हातातच राहिला. ताप उतरतो, तोंड उतरतं, सोन्याचा भाव उतरतो, पाहुणा लॉजवर उतरतो, स्थळ पसंतीस उतरतं. 'उतरणे'चे हे अर्थ मला कुणी पाठ करायला लावले नव्हते. काय उतरलं ते बघितलं की अर्थ कळतो.

दुसऱ्या दिवसापासून मी नवी वही केली. क्रियापदापुढं अर्थ लिहायचा नाही, सोबतीचे शब्द लिहायचे. ऑफर, रिक्वेस्ट, ऑप्शन, प्रपोजल असेल तर टर्न डाउन म्हणजे नाकारणं. रेडिओ, एसी, गॅस असेल तर कमी करणं. शाफ्ट किंवा बार आणि पुढं 'टू' अमुक मिलिमीटर असेल तरच लेथ. माझ्या मेलमध्ये ते 'टू' नव्हतंच. ते मी मनानं घातलं होतं.

'टेक ऑफ'लाही तेच. पुढं काहीच नसेल तर विमान उडतं किंवा धंदा जोर धरतो. शर्ट असेल तर काढणं, 'अ डे' असेल तर सुट्टी घेणं.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. 'टर्न' आणि 'डाउन' असे जोडीतले दोन्ही शब्द शेजारी शेजारीच असतील असं समजू नका. 'दे टर्न्ड अवर न्यू रेट डाउन' हे वाक्य मी 'आमचा दर बदलला' असं वाचलं होतं, शेवटच्या 'डाउन'कडं लक्षच गेलं नाही. 'इट' असेल तर ते मधेच बसतं, टर्न इट डाउन. पण 'लुक आफ्टर इट' असंच म्हणतात, तिथं तोडता येत नाही. ऑक्सफर्डच्या शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात तोडता येणाऱ्यांपाशी दोन टोकांचा बाण असतो. क्लासमध्ये सहा महिन्यांत कुणी तो बाण दाखवला नाही.

आणि 'रन आउट'. क्रिकेटचा सगळ्यांना माहीत, डायल गेज लावून मोजायचा, म्हणजे फिरताना जॉब किती डुलतो तो, आम्हाला माहीत. पण पुढं 'ऑफ' आलं की माल संपला.

गेल्या महिन्यात मेल आला, 'प्लीज टर्न दीज डाउन टू थर्टी-एट.' 'टू' होतं, आकडा होता. तरी फोन लावला.

"मशीन टू थर्टी-एट, राइट?"

"येस."

मग जॉब लेथवर पाठवला.