तुम्ही विचारलंत म्हणून : ख्यालाच्या कानाला जाझ आणि रॉक

नागपुरात ख्याल ऐकणारी मंडळी मला हमखास विचारतात, "जाझ-रॉक ऐकायचंय, सुरुवात कुठल्या अल्बमपासून करू?"

जाझसाठी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९चा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. पहिल्याच 'सो व्हॉट'मध्ये स्वर आपल्या काफी थाटाचे (स्वरसमूहाचे) आहेत. १६ बार (तालाचे छोटे सारखे खंड) एकाच षड्जावर, म्हणजे 'सा'वर मुक्काम, मग ८ बारांपुरता तो षड्जच अर्ध्या सुराने वर सरकतो आणि शेवटच्या ८ बारांत मूळ जागी येतो. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ) भराभर बदलत नाहीत, त्यामुळे वादकाला बढतीला, म्हणजे सुरावट हळूहळू फुलवायला, ऐसपैस जागा मिळते. आवृत्ती मात्र पाहून घ्या. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित होताना टेपयंत्र किंचित संथ चाललं होतं, म्हणून जुन्या तबकड्यांवर त्या जलद आणि चढ्या सुरात वाजतात. ही चूक सुधारली गेली ती नव्वदच्या दशकात. पेटी घेऊन स्वर ताडून बघणार असाल तर त्यानंतरचीच प्रत हवी.

रॉकसाठी पिंक फ्लॉइड या बँडचा १९७३चा 'द डार्क साइड ऑफ द मून'. इथे आपल्या उन्हाळ्याचा अडथळा आहे. अल्बम उघडतो हृदयाच्या अगदी बारीक ठोक्यांनी, आणि कूलर सुरू असेल तर ते ऐकूच येत नाहीत. मग माणूस आवाज वाढवतो आणि 'टाइम'च्या सुरुवातीला सगळी घड्याळं एकदम कानात कोकलतात. म्हणून मे महिन्यात हा अल्बम कूलर बंद ठेवता येईल अशा पहाटे ऐकावा, नाहीतर कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर. फोनमधलं शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं) आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं त्यावर चढवणारं) बंद करा. यातली बरीच गाणी एकमेकांत मिसळत जातात. मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडली तरी रचना तुटते.

तबकड्या वापरत असाल तर त्या उभ्याच ठेवा, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपासून लांब. आडव्या थप्पीत त्या इथल्या उन्हाळ्यात वाकतात. कूलरच्या दमट झोतात ठेवल्या तर कव्हरांना बुरशी धरते.

जाझ-रॉकच्या जोडीला आपल्याकडचे अल्बमही नीट ऐकायला हवेत. 'कॉल ऑफ द व्हॅली' बहुतेकांनी तुकड्या-तुकड्यांत ऐकलेला असतो. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काबरा. अहीर भैरव रागाने पहाट उजाडते आणि पिलू, भूप, देस करत पहाडीपर्यंत दिवस मावळतो. काही सीडींवर पुढे आणखी तुकडे जोडले आहेत. वादन चांगलं आहे, पण पहाडीनंतर ते नकोत. दिवस संपलेला असतो.

'गीतरामायण' सलग ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवर ही ५६ गीतं आठवड्याला एक अशी आली. दोन गीतांमधलं अंतर हा त्या रचनेचाच भाग आहे. दिवसाला एक पुरे.

आणि किशोरी आमोणकरांची भूप-बागेश्रीची तबकडी. मैफलीत तासभर चालेल असा भूप त्यांनी एका बाजूत बसवला, तरी 'प्रथम सूर साधे'मध्ये कुठे घाई जाणवत नाही. गंधारावरचा ठहराव नीट ऐका. तेवढ्या वेळात एवढा संथपणा राखणं फार अवघड आहे. 'सहेला रे' झाल्यावर लगेच बाजू पालटू नका. भूप संध्याकाळनंतरचा, बागेश्री उत्तररात्रीकडे झुकणारा. मध्ये जेवण उरकून घ्या.