बाहेर उणे अठरा, घरात बनियन

मॉस्कोत भाड्याने खोली घेतली ती बिनलिफ्टच्या पाचमजली इमारतीत, एका पेन्शनर बाईंच्या घरी. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या काळात, 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आणून जोडायच्या आणि घरं धडाधड उभी करायची, असा सपाटा चालला होता. लिफ्टचा खर्च टाळायचा, म्हणून मजले पाचच. लोक या इमारतींना 'ख्रुश्चोव्का' म्हणतात.

स्वयंपाकघर सहा चौरस मीटरचंही नसेल. बाईंनी उठून शेगडीकडे जायचं तर मी खुर्चीसकट भिंतीला चिकटायचं. पण पाहुण्याची बैठक तिथेच. खिडकीखाली भिंतीतच एक कपाट आहे. त्याची बाहेरची भिंत पातळ, त्यामुळे हिवाळ्यात तो फुकटचा फ्रिज. आत खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या, बटाटे आणि कसलासा मुरांबा. बाल्कनीला काचा लावून अडगळ कोंबलेली. हे मात्र अगदी पुण्यातल्यासारखं!

बाहेर उणे अठरा आणि मी घरात बनियनवर घामाघूम. शहराच्या औष्णिक केंद्रांतून गरम पाणी नळांवाटे घरोघरच्या रेडिएटरमध्ये फिरतं. शरद ऋतूत सलग पाच दिवस सरासरी तापमान 8 अंशांच्या खाली राहिलं की हीटिंग सुरू. माझ्या खोलीतल्या रेडिएटरला कमी-जास्त करायची चावीच नाही. मग उपाय एकच, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातलं छोटं तावदान, 'फोर्तोच्का', उघडायचं. मी उघडलं की बाई येऊन लावणार. झोताने मान धरते, ही त्यांची ठाम समजूत. माझ्या आजीचंही पंख्याबद्दल हेच मत होतं, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

घर त्यांच्या स्वतःच्या मालकीचं. 1991 च्या कायद्याने सरकारी घरं राहणाऱ्यांच्या नावावर फुकट करून मिळू लागली. 2017 पासून मॉस्कोत अशा जुन्या इमारती पाडून रहिवाशांना नवी घरं द्यायची योजना सुरू आहे. त्यासाठी दोन तृतीयांश घरांची संमती लागते. बाईंच्या जिन्यात यावरून दोन तट पडलेत. गुडघेदुखीवाले एकीकडे, झाडं लावलेले दुसरीकडे. बाई गुडघ्यांच्या बाजूने.

एवढी ऊब देणारी व्यवस्था उन्हाळ्यात मात्र पाइपांच्या तपासणीसाठी दहाएक दिवस नळाचं गरम पाणी बंद करते. तेव्हा गॅसवर पातेलं चढवायचं, टबात उभं राहून डावाने अंगावर घ्यायचं. मुलाने गीझर बसवून दिलाय. विजेचं बिल येईल म्हणून बाई तो लावत नाहीत.