शनिवारी न गेलेली

आईनं अडवलंच नाही. मी म्हटलं, "या शनिवारी जमायचं नाही, प्रोजेक्टचं काम आहे." ती म्हणाली, "बरं, नको येऊस. दगदग होते तुझी." आणि फोन कानाला तसाच ठेवून वहिनीला हाक मारली, दूध उतू जाईल म्हणून. मग फोनही ठेवला.

झालं एवढंच. पण कालपासून तेच डोक्यात घोळतंय.

मागच्या वर्षी असं बोलले असते तर महाभारत झालं असतं. "रविवारची पण सुट्टी नाही? असलं कसलं शिक्षण म्हणायचं?" मग फोन आप्पांकडं, आप्पा "आईशीच बोल" म्हणून परत तिच्याकडं देणार. मी वैतागायची, खोलीतल्या पोरी हसायच्या. आता कुणी वैताग आणत नाही, तर हे असं.

शनिवारी दुपारी आमच्या सोलापूर विद्यापीठाचा केगावचा कॅम्पस रिकामा व्हायला वेळ लागत नाही. सॅका पाठीला लावून पोरी पुणे रोडला येतात, मिळेल त्या गाडीनं एसटी स्टँड गाठतात आणि तिथून बार्शी, अक्कलकोट, सांगोला, जिकडंतिकडं. एकाच जिल्ह्याचं विद्यापीठ आमचं. 2004 च्या आधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या विद्यापीठाखाली होती, लहानसहान कामाला तिकडं जावं लागायचं, असं जुने लोक अजून सांगतात. आता सगळं दारात आलं, चांगलंच झालं. पण अकरा तालुक्यांतल्या कुठल्याही गावाला अंधार पडायच्या आत पोचता येतं, त्यामुळं घरी न जायला कारण द्यावं लागतं. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरीची घरात आठवण काढतात. मंगळवेढ्याच्या पोरीला नुसतं "कधी येतीस" विचारतात. आणि आता तेवढंही विचारत नाहीत.

सिद्धेश्वरांची यात्रा चालू आहे, म्हणून रूममेट गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत गेल्या. मलाही ओढत होत्या. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी गेले होते की मी. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, पुढं त्या सात उंच काठ्या, आणि तोल सांभाळताना काठी पेलणाऱ्याच्या मानेच्या ताणलेल्या शिरा. त्या गर्दीत एक ओळखीचा चेहरा दिसला. जाऊ दे. परत जायची इच्छा झाली नाही.

मग प्रोजेक्ट उघडला, बंद केला. कडक भाकरी मोडून शेंगाचटणीशी खाल्ली. तेवढ्यात दादाचं स्टेटस. रानात हुरडा! वहिनीच्या माहेरची मंडळी आलीयत, आगटी पेटलीय, आणि आई भाजलेलं कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून कोंडा उडवतीय. पहिली मूठ वहिनीच्या धाकट्या भावाला. ती मूठ आजवर माझी असायची. हात भाजतो म्हणून मला कधी चोळू दिलं नाही तिनं, नुसती ओंजळ धरायची मी.

तो व्हिडिओ परत परत बघितला. रडू आलं, खोटं कशाला लिहू. "दगदग होते" म्हणे! पाहुणे येणार होते म्हणून नको होते मी. कुणी सांगितलंही नाही. म्हणजे मी पण आता पाहुणीच, फक्त न बोलावलेली. असं बरंच काय काय मनात येत गेलं, अंधार पडेपर्यंत. फीचंही आठवलं मधेच, पण त्यावर आज नको.

रात्री वहिनीनं फोटो टाकला, स्वतः शिवलेल्या ब्लाऊजचा. ब्लाऊज झकास. मशीन माझ्या खिडकीपाशी आलंय, उजेड चांगला येतो तिथं, मीच तिला सांगितलं होतं. मागं माझी कॉट. कॉटवर तुरीची पोती, पार भिंतीला टेकेपर्यंत, आणि सगळ्यात वरच्या पोत्यावर माझी उशी नीट ठेवलेली. हसूच फुटलं. उशी कुणी ठेवली असेल ते विचारायची गरज नाही.

लगेच फोन लावला. "आई, मी आले असते तर झोपले असते कुठं?"

"म्हणून तर नको म्हटलं. पावण्यांनाच जागा पुरंना."

"आणि पुढच्या शनिवारी?"

"ते तुझ्या आप्पांना विचार. भाव चढल्याबिगर विकायची नाही म्हणतेत."

आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "आईशी बोल."

आता प्रोजेक्टबरोबर तुरीचा भावही रोज बघायचा आलाय. आज काही हलला नाही.