जवारीचा टेक परत मिळाला

काल रात्री साडेअकराला जवारीचा टेक माझ्या फिल्मच्या टाइमलाइनवर बसला. जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आणि तारेखाली सूत बसवून आवाज उघडायचा. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की ती फाइल गेल्यात जमा आहे आणि तो सगळा भाग मिरजेच्या तानपुरा बनवणाऱ्या चाचांकडून पुन्हा करून घ्यावा लागणार. आता तशी गरज नाही. पूर्ण १८ मिनिटं हाताशी आहेत, मधे कुठे तुटलेलं नाही.

आधी फाइल बिघडली कशी ते सांगतो, कारण हे कुणाचंही होऊ शकतं. मिरजेत सतारमेकर गल्लीत रेकॉर्डर तानपुऱ्याच्या भोपळ्यापासून हातभर अंतरावर ठेवला होता. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, नेहमीचंच. चाचा घोडी घासत होते, मधेच तार छेडून ऐकायचे, पुन्हा घासायचे. शेवटी त्यांनी तारेखाली सूत घातलं आणि नखाच्या टोकानं केसभर मागे सरकवलं. तानपुरा एकदम उघडला. खोलीतली सगळी माणसं गप्प झाली. मिनिट-दोन मिनिटं तो तसाच घुमत राहिला आणि रेकॉर्डरचा पडदा काळा झाला. सेल संपले होते.

सेल रिचार्जेबल, निकेलचे. मेनूत सेलचा प्रकार मात्र अल्कलाइन राहिला होता. त्यामुळे पडदा पहिल्या दिवसापासून अर्धीच पट्टी दाखवायचा आणि मला त्या अर्ध्या पट्टीची सवय झाली होती. निकेलचा सेल बराच वेळ एकाच व्होल्टेजवर चालतो आणि शेवटी धाडकन पडतो. मेनू उघडून प्रकार बदला, दहा सेकंदांचं काम आहे. आणि सेल नावाजलेल्या कंपनीचेच घ्या. बाजारात निम्म्या किमतीला मिळणारे मी दोनदा घेतले, सहा महिन्यांत दोन्ही वेळा बसले.

घरी, विश्रामबागला, आल्यावर कार्ड लावलं. एडिटर फाइल घेईना. नाव दिसतं, ओढून टाकली की 'फॉरमॅट ओळखता आला नाही'. फाइलचा फॉरमॅट बदलणाऱ्या एफएफएमपेगला दिली, त्याचंही तेच उत्तर. दुरुस्तीचं एक विकतचं सॉफ्टवेअर ट्रायलवर घेतलं. त्यानं नुसता खर्रर्र आवाज ऐकवला आणि पुढे पैसे मागितले. काढून टाकलं.

धीर आला तो फाइलच्या आकारामुळे. ३११ एमबी. हिशेब करा: ४८,००० नमुने, प्रत्येकी ३ बाइट, दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. भागाकार केला की बरोबर १८ मिनिटं येतात. म्हणजे आवाज कार्डावर उतरला होता, फक्त तो वाचायचा कसा हे सांगणारा हेडर नव्हता.

मग ऑडॅसिटी, आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर. त्यात इम्पोर्टखाली 'रॉ डेटा' असा पर्याय आहे. हेडर बाजूला ठेवायचा आणि बिट, चॅनेल, बाइटचा क्रम, सगळं आपण सांगायचं. १६ बिट देऊन पाहिलं, खरखर. २४ बिट दिलं, त्याहून मोठी खरखर, पूर्ण पट्टीत, हेडफोनमधून थेट कानावर आदळली. हे करताना आधी आवाज कमी करून ठेवा. दोन संध्याकाळी इथेच गेल्या. सगळे पर्याय उलटेपालटे करून पाहिले.

तिसऱ्या दिवशी त्याच रेकॉर्डरची एक चांगली फाइल आणि ही बिघडलेली, दोन्ही हेक्स एडिटरमध्ये (फाइलचा एकेक बाइट दाखवणारं सॉफ्टवेअर) शेजारी शेजारी उघडल्या. चांगल्या फाइलमध्ये सुरुवातीला 'रिफ'ची चार अक्षरं, ५०४व्या बाइटपाशी 'डेटा' आणि ५१२पासून आवाज. बिघडलेल्या फाइलमध्ये पहिले ५१२ बाइट नुसते शून्य. माझा रेकॉर्डर आधी जागा राखून ठेवतो आणि स्टॉप दाबल्यावर हेडर भरतो. स्टॉप दाबायची वेळच आली नव्हती.

खरखरीचं कारणही इथेच सापडलं. २४ बिट स्टिरिओत डावा-उजवा मिळून ६ बाइटचा एक संच होतो. ५१२ला ६ने भागलं की २ उरतात. फाइल शून्यापासून वाचली की प्रत्येक नमुना मधोमध चिरला जातो आणि त्याचा सर्वांत हलका बाइट सर्वांत जड जागी जाऊन बसतो. त्यातून दुसरं काय ऐकू येणार? ऑडॅसिटीत स्टार्ट ऑफसेटच्या (किती बाइट सोडून वाचायचं त्या) चौकटीत ५१२ लिहिलं आणि तानपुरा वाजला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

आनंदात तशीच वेव्ह करून एडिटरात टाकली. या वेळी विनातक्रार घेतली, पण लांबी १९ मिनिटं ३५ सेकंद. कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळेना. मला वाटलं, नेहमीचा ड्रिफ्ट असेल, म्हणजे दोन यंत्रांच्या वेळेत हळूहळू पडणारा फरक. अख्खा शनिवार तुकडे पाडून जुळवत बसलो.

रविवारी लॅपटॉप घेऊन मिरजेला गेलो आणि चाचांना ऐकवलं. चार-पाच सेकंद ऐकलं असेल.

"हा कुणाचा तानपुरा?"

"चाचा, तुमचाच. त्या दिवशीचा."

"माझा नाही. मी काळी एकला लावला होता. हा पांढरी एकच्याही खाली बोलतोय. एवढा उतरलेला मी कशाला ठेवीन?"

त्यांनी तोच तानपुरा खुंटीवरून काढला आणि शेजारी छेडला. फरक इतका उघड होता की मला आधी का कळला नाही याचं वाईट वाटलं. ऑडॅसिटीच्या त्याच रॉ डेटाच्या खिडकीत सॅम्पल रेट ४४,१०० राहिला होता. ४८,०००चा आवाज ४४,१००नं वाजवला की वेग ०.९२वर येतो, १८ मिनिटांची साडेएकोणीस होतात आणि सूर जवळजवळ दीड स्वर-पट्टी उतरतो, म्हणजे पेटीवर काळी एकवरून पांढरी सात आणि पांढरी एकच्या मधोमध. चाचांनी जे कानानं सांगितलं ते आकड्यांनी तंतोतंत जुळलं. तिथेच रेट बदलला. त्यांनी ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता माझा."

बाकीचं थोडक्यात. हातांचा क्लोजअप फोनवर घेतला होता, तो शेवटाला ११ फ्रेम मागे पडत होता. मीडियाइन्फोत पाहिलं तर फ्रेमरेट व्हेरिएबल, म्हणजे कमीजास्त होणारा. हँडब्रेकमधून कॉन्स्टंट २५ करून घेतला, जुळला. चाचांच्या मुलानं भोपळ्यांबद्दल व्हॉट्सअॅपवर पाठवलेली व्हॉइस नोट ओपस फॉरमॅटमध्ये होती, एडिटर घेत नव्हता. एफएफएमपेगनं एका ओळीत वेव्ह करून दिली. मंगळवेढ्याकडचा भोपळा कसा निवडायचा यावर तो फार छान बोललाय, पूर्ण ठेवणार आहे.

आणि योजना बदलली. जवारी म्हणजे काय हे निवेदनात समजावणार होतो, तीन परिच्छेद लिहूनही झाले होते. पण फाइल तपासताना सहज स्पेक्ट्रोग्राम लावला, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे सूर रेघांनी दाखवणारं चित्र. सूत सरकवण्याआधी त्याच तारेच्या चार-पाच आडव्या रेघा, वरचं सगळं अंधारं. सूत जागेवर बसलं त्या क्षणी वरपर्यंत रेघांची शिडी उभी राहते आणि एकेक रेघ मागाहून उजळत जाते. तार तीच, सूर तोच. निवेदन काढून टाकतोय. तिथे पडद्यावर फक्त हे चित्र आणि चाचांचं नख. सुरुवातही यानंच होईल. मिरजेच्या तानपुऱ्याला मिळालेल्या २०२४च्या भौगोलिक मानांकनाची पाटी पहिल्या फ्रेमला ठेवली होती, ती शेवटी जाईल.

लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. घासण्याच्या टप्प्यांचेही स्पेक्ट्रोग्राम काढले तर घोडी हळूहळू कशी बोलायला लागते ते दिसेल. १८ मिनिटांत चाचांनी किती वेळा तार छेडली ते आज रात्री मार्कर टाकून मोजतो.