फोर्थ डाऊन मॉडेल: बेलिचिक अखेर सुटला

सापडलं! अमेरिकन फुटबॉलमध्ये फोर्थ डाऊनला, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नाला, खेळावं की पंट करावा (बॉल लांब लाथाडून समोरच्याला द्यावा) हे सांगणारं माझं मॉडेल तीन आठवडे नुसतं पंट-पंट करत होतं, त्याचं कारण काल रात्री साडेबाराला सापडलं. सांगायला लाज वाटावी इतकं फालतू.

माझी कसोटी तुम्हाला पाठ असेल. १५ नोव्हेंबर २००९, इंडियानापोलिस. पेट्रियट्स ३४-२८ पुढे, २:०८ बाकी, स्वतःच्या २८ यार्डांवर फोर्थ अँड टू, म्हणजे शेवटचा प्रयत्न आणि हवेत दोन यार्ड. पेट्रियट्सचा कोच बेलिचिकने पंट नाकारला, त्याच्या फॉकला पास मिळाला पण थोडक्यात कमी पडला, आणि समोरच्या कोल्ट्सच्या मॅनिंगने मॅच ३५-३४ अशी काढली. आकडेवारीवाल्या ब्रायन बर्कचा तेव्हाचा हिशेब: खेळलं तर जिंकायची शक्यता ७९ टक्के, पंटला ७०. माझ्याकडे नेमकं उलटं.

आधी खापर एक्सजीबूस्टवर, म्हणजे मॉडेलची निर्णयझाडं बांधणाऱ्या सॉफ्टवेअरवर फोडलं. झाडांची खोली कमी केली, पंटच्या सरासरीऐवजी सगळे पंट घातले. ढिम्म! एनएफएलफास्टआरच्या, म्हणजे लीगमधल्या प्रत्येक खेळीची नोंद असलेल्या डेटावरही संशय घेतला, त्याबद्दल माफी; १९९९ पासूनचा एवढा नीटनेटका डेटा फुकट कोण देतं? शेवटी लॅपटॉप मिटून कागद घेतला. बॉल समोरच्याकडे गेला की मी स्कोअरच्या फरकाचं चिन्ह उलटवत होतो, यार्ड १०० मधून वजा करत होतो, टाइमआउट (घड्याळ थांबवायची संधी) मात्र जागच्या जागी! पेट्रियट्सकडे एकही उरला नव्हता, ते शून्य मॅनिंगच्या गळ्यात. गंमत अशी की चूक खेळणं आणि पंट अशा दोन्ही फांद्यांत होती, पण प्रयत्न फसल्यावरच्या २९ यार्डांसाठी मॅनिंगला टाइमआउटची फारशी गरज नसते, पंटनंतरच्या ६५ यार्डांसाठी असते. म्हणून पंट उगाच गोजिरा दिसत होता.

एक ओळ बदलली, कौल फिरला. चहा केला, रात्री एक वाजता.

फिरला, पण निसटता. पहिला डाऊन, म्हणजे नवे चार प्रयत्न, मिळाल्यावरही मॉडेल घाबरतं, कारण बॉल हातात धरून नुसता गुडघा टेकून घड्याळ संपवता येतं हे त्याला कळतच नाही. समोर टाइमआउट नसेल तर दोन मिनिटांत तीनदा टेकला की खेळ खल्लास. हे झाडांना शिकवत बसण्यापेक्षा हाताने नियम लिहिणार. वारा-पावसाचं काम मागे.

थांबा, लिहितालिहिता सुचलं: टू-मिनिट वॉर्निंग (दोन मिनिटं उरली की घड्याळ आपोआप थांबतं) म्हणजे फुकटचा टाइमआउट, आणि २:०८ ला पंट काय, पास काय, घड्याळ तिथेच जाऊन थांबणार. मॉडेलला ती रेघ कुठेच दिसत नाही. म्हणजे गुडघे नंतर, आधी हे.